रविवार मिळवून देणारे लोखंडे

मैत्रिणींनो, मध्यंतरीची गोष्ट. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी एक दिवस ओटा पुसता पुसता हळूच विषय काढला. महिन्यातले दोन रविवार सुट्टी मिळेल का, म्हणून. आता तुमच्याशी खोटं कशाला बोलू? माझ्या मनात पहिला विचार आला तो भांड्यांचा. रविवारी सगळे घरात, त्यात कुणी ना कुणी पाहुणा ठरलेला, भांडी दुप्पट. नेमका रविवारच कसा हवा हिला? बघू, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

त्याच आठवड्यात आमच्या मंडळाच्या कामगार दिनाच्या कार्यक्रमासाठी वाचायला बसले, आणि हातात नारायण मेघाजी लोखंडे यांचं चरित्र आलं. भारतातल्या कामगार चळवळीचे जनक म्हणून त्यांचं नाव आपण शाळेत कधीतरी एका ओळीत वाचलेलं असतं. पण पुढे पुढे वाचत गेले आणि माझे कान गरम झाले. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईचे गिरणीमालक जे म्हणत होते, तेच मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून मनातल्या मनात म्हटलं होतं! म्हणून आज त्यांची गोष्ट तुम्हाला सांगायची.

लोखंड्यांचं मूळ गाव पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं कन्हेरसर. जन्म १८४८ मध्ये ठाण्यात झाला. म्हणजे ज्या वर्षी जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली, त्याच वर्षी. फुलमाळ्याचं घर, परिस्थिती बेताची. मॅट्रिकपर्यंत शिक्षण झालं आणि मग नोकरी. आधी रेल्वेत, मग पोस्टात, आणि नंतर मुंबईतल्या एका कापड गिरणीत. तिथं ते कारकुनी बाजूला होते, प्रत्यक्ष यंत्रावर नव्हते. पांढरपेशी नोकरी, वेळेवर पगार. डोळे मिटून घेतले असते तर आयुष्य सुखात गेलं असतं. पण त्यांनी डोळे उघडे ठेवले.

काय दिसत होतं त्यांना? मुंबईत पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात सुरू झाली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा हा सगळा भाग धुराड्यांनी भरून गेला. कोकणातून, घाटावरून माणसं येत होती. बायाही येत होत्या. रीळ खात्यात, वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळण्याचं काम बायकांचं. जेवढा माल निघेल तेवढे पैसे. दिवे नव्हते, त्यामुळे कामाचं घड्याळ म्हणजे सूर्य. उजाडलं की यंत्र सुरू, मावळलं की बंद. उन्हाळ्यात तर तेरा-चौदा तास व्हायचे. जेवणाला धड वेळ नाही. साच्याशेजारीच भाकरी सोडायची, उडणाऱ्या कापसाच्या तुसासकट खायची. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. सणावाराच्या मोजक्या सुट्ट्या, आणि कधी यंत्रं बंद असलीच तर ती पुसून साफ करायला अर्धा दिवस यायचंच. पगार महिना-महिना तुंबवून ठेवायचे, म्हणजे माणूस सोडून जाऊ शकत नाही. उशीर झाला, धागा तुटला, की दंड. यंत्रात हात गेला, तर घरी बसा.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा कायदा नव्हता का? होता. १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला. पण त्यात काय होतं ते ऐका. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या द्यायच्या. नऊ तास, सात वर्षांच्या पोराला, आणि ही त्या काळची दयामाया! मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांबद्दल, बायकांबद्दल, सुट्टीबद्दल त्यात काही नव्हतं. शिवाय हा कायदा लागू कुणाला? जिथे यंत्रशक्तीवर काम चालतं, शंभर किंवा जास्त माणसं आहेत आणि कारखाना वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त चालतो, त्यालाच. नव्व्याण्णव माणसं असली की कायदा दारातूनच परत.

या चार महिन्यांच्या अटीचं सगळ्यात जास्त चटका लावणारं उदाहरण आपल्या खानदेशातलं आहे. आमच्याकडे कापसाचं जिनिंग नवीन नाही. हंगाम आला की जिन सुरू होतात, सरकी वेगळी, रुई वेगळी, आणि यंत्रांपुढे बसलेल्या बाया. पुढे सरकारी चौकशीत जे बाहेर आलं, त्यानुसार त्या काळी खानदेशातल्या जिनिंग कारखान्यांत बायाबापड्या पहाटे चार-पाचपासून रात्री नऊ-दहापर्यंत काम करत. ऐन हंगामात तर दिवसरात्र. पण हंगाम थोड्या महिन्यांचा, म्हणून या बाया कायद्याच्या लेखी नव्हत्याच. ज्या जिनच्या रस्त्यावरून मी रोज भाजीला जाते, तिथे हे वाचल्यापासून पाय जरा रेंगाळतात.

लोखंडे नोकरीत असतानाच सत्यशोधक समाजाच्या कामात आले होते. जोतिबांचे विचार त्यांना पटले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेलं ‘दीनबंधू’ हे पत्र अडचणीत आलं, तेव्हा १८८० मध्ये लोखंड्यांनी ते हाती घेतलं, मुंबईला आणलं आणि मरेपर्यंत चालवलं. शेतकरी, कारागीर, गिरणीकामगार यांची दुःखं छापणारं पत्र तेव्हा दुर्मीळच. जोतिबाही मुंबईला येत, कामगारांच्या सभेत बोलत.

पण दोघांचं सगळंच जमलं असं नाही. जोतिबांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ लोखंड्यांनी ‘दीनबंधू’त छापायला घेतला, दोन प्रकरणं छापली आणि थांबवला. मजकूर फार जहाल वाटला असावा. जोतिबा चांगलेच रागावले. मला ही गोष्ट मुद्दाम सांगाविशी वाटते, कारण लोखंडे हे काही तलवार उपसून निघालेले वीर नव्हते. जपून पावलं टाकणारा, अर्ज-विनंत्या करणारा, कागद नीट ठेवणारा माणूस. पण एकदा हातात घेतलेला अर्ज मात्र सोडायचा नाही.

१८८४ मध्ये फॅक्टरी कायद्यात बदल करावा का हे तपासायला मुंबई सरकारनं एक समिती नेमली. मालकांचं म्हणणं ऐकलं जाणार हे उघडच होतं. कामगारांचं कोण ऐकणार? लोखंड्यांनी त्या वर्षी सप्टेंबरच्या २३ आणि २६ तारखेला परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या. तिथे मागण्या ठरल्या. त्या पाचच होत्या. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास जेवणाची सुट्टी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि कामावर जखम झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचं अपंगत्व आलं तर पुढच्या पोटापाण्याची सोय. या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांच्या साडेपाच हजार सह्या-अंगठे गोळा करणं म्हणजे काय, हे बचत गटाच्या ठरावावर वीस सह्या घेताना ज्या दमल्यात, त्यांना विचारा!

याच सुमाराला ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही संस्था उभी राहिली, लोखंडे तिचे अध्यक्ष. आजच्या युनियनसारखी ती नव्हती. वर्गणी नाही, सभासदांची वही नाही, नियमावली नाही. पण गिरणीतल्या माणसाला सरकारशी बोलायला एक तोंड मिळालं.

मालकांची बाजूही समजून घ्यायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. इंग्लंडमध्ये लँकेशायर-मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना मुंबईचा माल खुपत होता. हिंदुस्थानात कायदा कडक करा, अशी ओरड तिकडूनच चालली होती, आणि ती काही इथल्या मजुरांच्या प्रेमापोटी नव्हती. त्यामुळे मुंबईचे मालक म्हणत की हा कायदा म्हणजे आमचा धंदा बुडवायचा डाव आहे. खर्च वाढेल, माल महागेल, गिरण्या बंद पडतील आणि मग कामगारच उपाशी मरतील. राष्ट्रीय बाण्याच्या बऱ्याच वृत्तपत्रांनीही त्यांचीच बाजू घेतली. देशी उद्योग जगला पाहिजे, हे खरंच होतं ना! लोखंड्यांची अवघड जागा इथे होती. कायदा मागितला की मँचेस्टरचा हस्तक म्हणून बोट दाखवणार, गप्प बसलं तर बायामाणसं यंत्रापुढे पिचत राहणार. त्यांनी मागणी सोडली नाही. मँचेस्टरच्या मनात काहीही असो, चौदा तास उभं राहून पाठ इथल्या माणसाची मोडत होती.

समितीचा अहवाल १८८५ मध्ये आला, पण कायदा काही बदलला नाही. लोखंड्यांनी पुन्हा अर्ज केले, पुन्हा सभा घेतल्या. सहा वर्षं हेच. मग २४ एप्रिल १८९० ला मुंबईत रेसकोर्सच्या मैदानावर मोठी सभा झाली. सुमारे दहा हजार कामगार जमले. आणि मैत्रिणींनो, त्या सभेत दोन गिरणीकामगार बायका उभ्या राहून बोलल्या! १८९० साल. घरंदाज बाई उंबऱ्याबाहेर बोलली तर गहजब व्हायचा, त्या काळात या दोघींनी दहा हजार माणसांसमोर आपलं दुखणं मांडलं. मागणी एकच, आठवड्याचा एक दिवस द्या.

रविवारच का? सरकारी कचेऱ्यांना तो दिवस होताच. शिवाय रविवार हा आपल्या खंडोबाचा वार, हेही लोखंड्यांनी पुढे केलं असं सांगितलं जातं.

१० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. कायदा यायच्या आधीच! त्याच वर्षी नवं कमिशन नेमलं गेलं, लोखंड्यांचा त्याच्या कामाशी संबंध आला, आणि १८९१ चा फॅक्टरी कायदा झाला. १ जानेवारी १८९२ पासून तो लागू झाला. आता आठवड्याची सुट्टी सक्तीची. दुपारी अर्धा तास विश्रांती. नऊ वर्षांखालचं मूल कामावर नको, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तासच. बायकांना अकरा तासांची मर्यादा, त्यात दीड तास विश्रांती. आणि शंभराचा आकडा पन्नासवर आला, सरकारला वाटलं तर वीसपर्यंत.

यावर सगळ्या बायका खूश झाल्या असतील असं वाटतं ना? पण इथेच कायद्याचं अवघड गणित आहे. मालावर पैसे मिळणाऱ्या बाईचे तास कमी झाले की तिची मिळकतही कमी होऊ शकते. आणि बाईला अकरा तास, पुरुषाला बंधन नाही, असं झालं की मालक हिशेब करणार, बाई घ्यायचीच कशाला? आज हाच प्रश्न आपल्या लेकीसुनांच्या वाट्याला येतो. २०१७ मध्ये बाळंतपणाची भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. फार चांगलं झालं. पण तिचा खर्च मालकावर, म्हणून मुलाखतीत लग्न कधी करणार, मूल कधी होऊ देणार, असे प्रश्न विचारल्याचं आमच्या मंडळातल्या मुलींनीच मला सांगितलं. म्हणून कायदा नको, असं मी म्हणत नाही. ओझं एकाच खांद्यावर टाकलं की तो खांदा निसटू पाहतो, एवढं मात्र खरं.

आणि जिथे कायदा गप्प राहिला, तिथे काय झालं? १८९१ च्या कायद्यात पुरुषांच्या तासांना मर्यादा नव्हती. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्य मावळला तरी काम थांबेना. मुंबईत पुरुषांचे तास चौदा-पंधरापर्यंत गेले. कापड गिरण्यांत त्यांना बारा तासांची मर्यादा मिळायला १९११ चा कायदा यावा लागला. गिरण्या बुडतील म्हणणाऱ्यांचं काय झालं? रविवार दिल्यावरही मुंबईत नव्या गिरण्या उभ्या राहतच होत्या.

हे काम चालू असताना लोखंड्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी आपण बायकांनी विसरू नये. त्या काळी विधवेचं केशवपन करत. १८९० मध्ये त्यांनी मुंबईत नाभिक बांधवांची सभा घडवली. विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही, असा निर्धार तिथे झाला. उपदेश विधवेच्या घरच्यांना करण्याऐवजी ज्याच्या हातात वस्तरा आहे त्याच्याशीच बोलायचं! कामगारांत वावरलेल्या माणसालाच हे सुचावं.

१८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली, तेव्हा शांततेसाठी ते वस्त्यांत फिरले. सरकारनं रावबहादूर किताब दिला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवीपासून सुरुवात झाली, माणसं शहर सोडून पळाली. लोखंडे राहिले. रोग्यांसाठी दवाखाना उभारायच्या खटपटीत ते होते. त्यातच त्यांना लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला ते गेले. वयाची पन्नाशीही झाली नव्हती. बरोबर महिनाभरानं, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. एकाच साली जन्मलेलं शाळेचं काम आणि हा माणूस. त्या शाळेची माउली आणि तो, एकाच साथीत गेले.

२००५ मध्ये लोखंड्यांचं टपाल तिकीट निघालं. परळच्या सरकारी कामगार अभ्यास संस्थेला त्यांचं नाव आहे. पण मला त्यांची खरी आठवण त्या आकड्यात दिसते. १८८१ मध्ये शंभर, १८९१ मध्ये पन्नास, १९२२ मध्ये वीस, आणि १९४८ च्या कायद्यात, वीज वापरणाऱ्या कारखान्याला, दहा. सदुसष्ट वर्षं तो आकडा खाली येत राहिला, आणि प्रत्येक पायरीला आणखी माणसं कायद्याच्या आत आली. आता केंद्राच्या नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यात प्रत्येक कामगाराला नेमणुकीचं पत्र द्यायचं आहे, ही मोठीच गोष्ट. पण कारखाना कुणाला म्हणायचं याचा आकडा दहावरून पुन्हा वीसवर गेला आहे, वीज न वापरणाऱ्यांसाठी वीसवरून चाळीसवर.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचा मसाल्याचा छोटा कारखाना आहे. ती म्हणते, बरं झालं, दहावी बाई घ्यायला मी घाबरत होते, रजिस्टरं कोण भरणार? आता घेईन. तिचं खोटं नाही. पण तिच्याकडे कांडपावर बसणाऱ्या बाईनं मला विचारलं, की मग यंत्रात हात गेला तर मी कुणाकडे जायचं? तिचंही खोटं नाही. दोघी माझ्याच ओळखीच्या. लोखंडे याच दोघींच्या मध्ये उभे राहून आयुष्यभर अर्ज लिहीत राहिले, असं मला वाटतं.

आणि आमच्या मावशी? त्यांचा आकडा एक. एका घरात एक बाई. आपल्या राज्यात २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणी झाली तर काही मदत मिळते, ती जरूर करून द्या. पण आठवड्याची सुट्टी दिलीच पाहिजे, असं बंधन त्यात नाही. म्हणजे तिथे कायदा आपणच, मालक आपणच आणि कमिशनही आपणच!

मी मावशींना बोलावलं. दोन नाही, चारही रविवार सुट्टी, आणि पगार तोच, असं सांगितलं. त्यांना आधी वाटलं मी कामावरूनच काढतेय. समजावता समजावता पुरेवाट झाली. गेल्या रविवारी घरात सात माणसं जेवली. भांडी मुलानं आणि यांनी घासली, कुरकुर करत का होईना. गिरणी काही बंद पडली नाही.

तुमच्याकडे येणाऱ्या मावशींना रविवार मिळतो का? एकदा स्वतःला विचारून बघा.